कॅज्युअल्टीचं वेळापत्रक

माणसानं आजारी कधी पडावं हे ठरवून देणारा एक माणूस माझ्या नोकरीच्या काळात मला भेटला. पडायचंच असेल तर बुधवारी पडा, असं त्यांचं म्हणणं. बाजाराच्या दिवशी नको, सोमवारी सकाळी तर मुळीच नको, आणि चैत्रात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की जमेल तितकं धडधाकट राहा. हे सगळं ते अगदी गंभीरपणे सांगत. ऐकणारा हसलाच तर त्याच्याकडे असं बघत, की बिचाऱ्याला आपण का हसलो याची लाज वाटावी.

त्यांचं नाव लिहीत नाही. गावाचंही नाही. जुन्नर तालुक्यातलं हमरस्त्याला लागून असलेलं एक बाजारगाव, एवढं पुरे. तिथल्या सरकारी दवाखान्यात मी नव्वदच्या सुमाराला नर्स म्हणून रुजू झाले आणि पुढची बारा-तेरा वर्षं तिथंच राहिले. मी मूळची आंबेगाव तालुक्यातली, घोडेगावकडची. माझी नेमणूक बहुतेक वेळा कॅज्युअल्टीत असायची. कॅज्युअल्टी म्हणजे तरी काय, तातडीच्या पेशंटसाठी एक खोली. तीत दोन टेबलं, एक ऑक्सिजनचा सिलिंडर आणि औषधांचं एक कपाट, ज्याचं दार लावायला गुडघ्यानं ढकलावं लागे. खोलीबाहेर व्हरांडा आणि व्हरांड्यात एक लांब लाकडी बाक. पार मढपासून पिंपळवंडीपर्यंतची माणसं या एका बाकावर येऊन बसत. सगळ्यांना मिळून डॉक्टर एक.

त्या बाकाच्या डाव्या टोकाला ते बसायचे. सकाळी आठला येत, दुपारी चारला उठत. मधे घरी जेवायला जात ते फक्त वीस मिनिटं. तीस वर्षं त्यांनी एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली होती. गाडी कधी लागली, कधी सुटली, कुठली फेरी रद्द झाली, हे सांगायचं ते काम. निवृत्त झाले तरी गाव त्यांना कंट्रोलरच म्हणायचं. पांढरा सदरा, पांढरं धोतर, डोक्याला टोपी आणि मनगटावर चावीचं घड्याळ. ते घड्याळ ते रोज रेडिओच्या बातम्यांना लावून घेत आणि मग दवाखान्यातल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मान हलवत. आमचं घड्याळ कधी सहा मिनिटं मागं असे, कधी नऊ. ते त्यांना फार लागे.

मांडीवर शाळेतली चौरेघी वही आणि कानावर पेन्सिलीचा तुकडा. कुठला पेशंट किती वाजता आला, किती वेळ बसला, किती वाजता आत गेला, सगळं त्या वहीत. पेशंटला ते पेशंट म्हणत नसत, पॅसेंजर म्हणत. डॉक्टर म्हणजे ड्रायव्हर आणि मी कंडक्टर. डॉक्टर रजेवर असले की बाकावरच्या लोकांना सांगत, "आजची फेरी रद्द हाय, पावणं. उद्या बगा." दवाखान्याची जीप पेशंट घेऊन पुण्याकडे निघाली की म्हणत, ज्यादा गाडी सोडली. कुणी दगावलं तर मात्र त्यांच्याकडे शब्द नव्हता. ते वही मिटत, टोपी काढून मांडीवर ठेवत आणि नातेवाईक बाहेर पडेपर्यंत तसेच बसून राहत.

वर्ष-दोन वर्षांत त्या वहीतून त्यांनी जे काढलं होतं, ते आम्हा कुणाला ठाऊक नव्हतं. क्रिकेटची मॅच असली की कॅज्युअल्टी मोकळी, आणि आपण हरलो की संध्याकाळी गर्दी. अमावास्येला कुणी घराबाहेर पडत नाही, सगळी दुखणी प्रतिपदेला येतात. एकादशीला शुकशुकाट, द्वादशीला पोटं बिघडलेली. ग्रहणाच्या वेळी तर माशी मारायला माणूस नाही, पण ग्रहण सुटल्यावर दोन तास उभं राहायला जागा नाही. श्रावणातल्या शनिवार-रविवारी माळशेजला भिजायला आलेली पुण्यामुंबईची पोरं घसरून पडत, तेव्हा आपलं गुडघ्याचं दुखणं घेऊन येऊ नये. टोमॅटोच्या दिवसांत पहाटे भरलेल्या पिकअप उलटतात, तेव्हा सकाळी आठ ते दहा टाळावं. आणि जत्रेच्या दिवसांत, बैलगाड्यांच्या शर्यती असतील त्या दिवशी, दवाखान्याचं नावच काढू नये. मी सुरुवातीला हे सगळं मनावर घेतलं नव्हतं. पण पडताळून पाहिलं आणि त्यांचं जवळजवळ कधीच चुकलं नाही.

"येळ कुनाची वैरी नसती," असं ते बाकावरच्या नव्या माणसाला हमखास ऐकवत. "आपुनच चुकीच्या फलाटावर उभं असतो."

एकदा मढकडचा एक म्हातारा धनगर आला होता. पायात काटा मोडून पाय भोपळ्यासारखा सुजलेला. सोमवारची सकाळ, म्हणजे कंट्रोलरच्या मते अगदी नको ती वेळ. यांनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि बुधवारी दुपारी का आला नाहीस म्हणून प्रेमानं झापलं. म्हातारा म्हणाला, बुधवारी माझी मेंढरं कुठं असतील ते मेंढरांनाच ठाऊक. आणि वर म्हणाला, "राव, आमचं दुखनं येळ इचारून येत न्हाई."

"म्हनून तर तुमाला ताटकळावं लागतं," हे म्हणाले, आणि आपली जागा त्याच्या पायासाठी मोकळी करून स्वतः तासभर उभे राहिले.

हळूहळू गोष्ट पसरली. लोक दवाखान्यात यायच्या आधी कंट्रोलरना विचारू लागले. फाटकासमोरच्या एसटीडी बूथवर ओतूरहून फोन यायचे, आणि बूथवाला रस्ता ओलांडून विचारायला यायचा की अमक्या गावच्या म्हातारीला दमा आहे, तिला कधी आणायची. हे वही उघडत, बोट फिरवत आणि वेळ देत. लेकराला डोस पाजायला आणणाऱ्या बाया, ड्रेसिंगवाले, रक्तदाब तपासायला येणारे म्हातारे, सगळे त्यांच्या वेळेनं येऊ लागले. खरं सांगायचं तर आमची सोय झाली. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा मला दुपारचा चहा गरम मिळायला लागला.

मग एक दिवस ते घरून एक फळा घेऊन आले. नातवाच्या वेळचा असावा, कोपरा फुटलेला. त्यावर स्टँडवर असतं तसं वेळापत्रक लिहायचं होतं. डॉक्टर हसले आणि लावा म्हणाले. त्याच्यावरच्या रेघा मी पट्टीनं मारून दिल्या. टांगायला बँडेजच्या कापडाची दोरी वळून दिली तीही मीच. वार डावीकडे, वेळ उजवीकडे, आणि वरती त्यांच्या सुरेख वळणदार अक्षरात, 'गर्दी नसण्याच्या वेळा'. बाजाराच्या दिवसापुढे त्यांनी लिहिलं होतं, दुपारी अडीच ते चार.

डॉक्टरांना एकदा काय वाटलं कोण जाणे, जाता जाता ते फळ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "कंट्रोलर, तुमच्या स्टँडवर गाडी अगदी रिकामी कधी असायची? डेपोत उभी असेल तेव्हा ना?" सगळे हसले. कंट्रोलर हसले नाहीत. दोन दिवस ते मान खाली घालून नुसते लिहीत बसले. त्या रात्रपाळीनं थकलेल्या माणसाच्या बोलण्यात काही अर्थ होता, हे माझ्याही ध्यानात तेव्हा आलं नाही.

आता हे सगळं ते कशासाठी करत होते ते सांगायला हवं. लोकांना वाटायचं, निवृत्त माणूस, घरी करमत नाही, सुनेचं आणि यांचं पटत नाही. मला मात्र पहिल्या दिवसापासून खरं कारण माहीत होतं. ते माहीत असलेली मी एकटीच होते.

त्यांची बायको आमच्या बाकावर गेली. चैत्रातला दिवस, सकाळचे अकरा. शर्यती बघायला निघालेल्या माणसांची जीप वळणावर उलटली होती आणि एका वेळी अकरा माणसं आत आली होती. कुणाचा हात मोडलेला, कुणाचं डोकं फुटलेलं, एकाच्या तोंडातून रक्त थांबत नव्हतं. डॉक्टर एक, मी एक, वॉर्डबॉय एक. त्याच्या थोडं आधी कंट्रोलर बायकोला घेऊन आले होते. हिरवं लुगडं, कपाळावर घाम, एक हात छातीशी. छातीत दुखतंय, असं त्यांनी केसपेपरवर लिहून घेतलं होतं. मी त्या बाईंच्या समोरून चार वेळा गेले. चारही वेळा मला त्या दिसल्या. एकदा मी म्हणाले, थांबा हं काकू जरा. उन्हानं झालं असेल, पित्त असेल, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. एवढ्या रक्तात बाकावर गप्प बसलेल्या बाईचं काय एवढं, असंही वाटलं असेल. दीड तासानं मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी कंट्रोलरच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. कंट्रोलरना वाटत होतं, डोळा लागलाय.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात आले. मला वाटलं, भांडायला आले. गावात दोन-तीन जण बोलत होतेच की अर्ज करा म्हणून. माझी उत्तरं तयार होती. अकरा माणसं होती, मी एकटी होते, डॉक्टर एकटे होते. हे सगळं खरंच होतं आणि मी ते रात्रभर घोकलं होतं. ते आले, बाकावर बसले आणि मला म्हणाले, "सिस्टर, त्या दिवशी लई गर्दी व्हती. रोज एवढी असती का?"

मी म्हणाले, नाही, रोज नसते.

"मंग कवा नसती?"

मला हायसं वाटलं. याची लाज मला नंतर वाटली, त्या क्षणी फक्त हायसं वाटलं. मी म्हणाले की बुधवारी दुपारी सहसा कुणी नसतं. त्यांनी ते खिशातल्या कागदावर लिहून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून वही घेऊन येऊ लागले.

तेव्हापासून त्यांच्यासाठी गुन्हेगार एकच होता, वेळ. चैत्र महिना, शर्यतीचा दिवस, सकाळचे अकरा. बायकोला तासभर आधी आणली असती, की दुसऱ्या दिवशी आणली असती, तर ती वाचली असती. जगात दुसऱ्या कुणाचीही बायको अशा वेळेला येऊ नये म्हणून त्यांनी तो बाक धरला होता. आणि मला त्यात जागा मिळाली होती. वेळच चुकली म्हटल्यावर माझी काय चूक? मी त्या बाईंना पाहिलं होतं हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, हे मला इतक्या वर्षांत कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही. रोज सकाळी मी नमस्कार करायची, तेही करायचे. त्यांच्यासाठी घरून कधी भाकरी, कधी शेंगदाण्याची चटणी घेऊन जायची. दवाखान्यातल्या मावशी म्हणायच्या, सिस्टरचा लई जीव आहे म्हाताऱ्यावर. जीव होताही. पण भीती जास्त होती. कधीतरी हा माणूस माझ्याकडे बघून म्हणेल, तुम्ही चार वेळा गेलात ना हो समोरून?

अशीच सात-आठ वर्षं गेली. फळा दोनदा बदलला.

दवाखान्याच्या समोरच्या गल्लीत एक किराणा दुकान होतं. दुकानाचे शेठ मारवाडी जैन, आजोबा राजस्थानातून आलेले, पण यांचा जन्म इथला आणि बोलणं सगळं इथलं. पन्नाशीचा गोल माणूस, हसरा. आमच्या दवाखान्याची चहा-साखर त्यांच्याकडून यायची. दुकानापासून कॅज्युअल्टीच्या दारापर्यंत चालत तीन मिनिटं. मी मोजून सांगते आहे, कारण नंतर मी ते अंतर कितीतरी वेळा चालून पाहिलं.

बाजाराचा दिवस होता. सकाळी नऊला शेठ व्हरांड्यात आले. बाकावर जागा नव्हती, पायऱ्यांवरही माणसं बसली होती. शेठनी छातीवरून हात फिरवला आणि कंट्रोलरना विचारलं, आज कधी येऊ, पहाटेपासून जरा जळजळतंय, डावा हात पण भरून आलाय. कंट्रोलरनी फळ्याकडे बोट केलं. म्हणाले, बाजार हाय शेठ, दुपारी अडीचला या, लगीच नंबर लागंल. मी तिथं दारातच होते, हातात इंजेक्शनचा ट्रे. मी सगळं ऐकलं. डावा हात हे शब्दसुद्धा ऐकले. आणि मी म्हणाले, "दुपारी या शेठ, निवांत बघू."

शेठ म्हणाले, बरं झालं, गिऱ्हाईकाचीही वेळ आहे. आणि गेले. डॉक्टर तेव्हा आत होते, माझ्यापासून सहा पावलांवर.

दुपारी अडीचला शेठ आले. शेठाणी बरोबर होत्या. शेठनी सदरा बदलला होता, केस पाण्यानं बसवले होते. दवाखान्यात जायचं म्हणून आमच्याकडची माणसं करतात तसंच. चेहरा मात्र राखेसारखा झाला होता. व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. कंट्रोलर उठून उभे राहिले आणि हातानं आत जायची वाट दाखवली, स्टँडवर गाडी लागल्यावर दाखवत तशी. त्यांना खरंच आनंद झाला होता, की बघा, एकही माणूस नाही.

एकही माणूस नव्हता हे खरं. डॉक्टरही नव्हते. एका जुन्या मारामारीच्या केसमध्ये साक्ष द्यायला दुपारी जुन्नरच्या कोर्टात गेले होते. जीप त्यांनाच सोडायला गेली होती. मी शेठना टेबलावर घेतलं, ऑक्सिजन लावला, जिभेखाली गोळी दिली, वॉर्डबॉयला टेम्पो बघायला पिटाळलं. बाजारातून टेम्पो निघेना. शेठची नाडी लागेना म्हणून मी छातीवर दाब देत होते, माझे हात दुखायला लागले, मी थांबले नाही. तीनला दहा मिनिटं कमी असताना मी थांबले.

सकाळी नऊला टेबलावर घेतलं असतं तर डॉक्टर होते. जीप होती. पुण्यापर्यंत पोचले असते की नाही ते देव जाणे, पण पाठवता आलं असतं.

शेठाणी रडल्या नाहीत. त्या बाहेर आल्या, कंट्रोलरसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी सांगितल्या वेळेलाच आलो ना आमी? गर्दी तर न्हवती." त्यात बोल लावणं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं आणि त्या विचारत होत्या. कंट्रोलरनी टोपी काढली. वही त्यांच्या मांडीवरून खाली पडली ती त्यांनी उचललीही नाही.

मला वाटलं, आता हा माणूस यायचा नाही. फळा मी तेव्हाच उतरवायला हवा होता, तेवढंही मला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी आठला मी कामावर आले, तर हे फळ्यासमोर उभे. रात्रभर झोप नसावी. डोळे लाल, सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात. ओल्या फडक्यानं त्यांनी बाजाराच्या दिवसासमोरचे अडीच ते चार पुसून टाकले होते आणि तिथं नवीन वेळ लिहीत होते. मला बघून म्हणाले, काल रात्री सगळी वही पुन्हा बघितली, चूक सापडली. बाजाराच्या दिवशी अडीच न्हाई, बारा पायजे. बाराला बायका सैपाकाला जातात, डॉक्टर बी असत्यात.

मी त्या माणसाकडे बघत राहिले. अक्षर तेच होतं, वळणदार. तो पुन्हा लिहीत होता, लोक पुन्हा वाचणार होते, आणि छातीत कळ येणारा पुढचा कुणीतरी घरी बसून बारा वाजायची वाट बघणार होता. माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं. मी त्यांच्या हातातला खडू काढून घेतला. मोठ्यानं बोलले नाही, एवढं आठवतं.

"काका, वेळ चुकली नव्हती. शेठ नऊला आले तीच वेळ बरोबर होती. मी ऐकत होते आणि मीही त्यांना दुपारी या म्हणाले. आणि काकूंचीही वेळ चुकली नव्हती. त्या मला दिसल्या होत्या. चार वेळा मी त्यांच्या समोरून गेले. नाडीला हात लावायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी लावला नाही."

ते बाकावर बसले. बाकीचे पेशंट यायला लागले होते. एक बाई कडेवरचं मूल घेऊन आमच्याकडे बघत होती. मला वाटलं, हे आता ओरडतील, रडतील, काहीतरी करतील. ते घड्याळाला चावी देऊ लागले. पूर्ण चावी भरल्यावरही बोटं तशीच फिरवत राहिले.

"मला ठाव हाय," ते म्हणाले. "तवाच ठाव व्हतं."

त्यांनी घड्याळावरून हात काढला.

"तिला कळ आली तवा ती उठाया लागली व्हती. म्हनली, सिस्टरला हाक मारते. मीच तिचा हात धरून खाली बसवली. म्हनलं, मानसं रगातात पडल्यात, आपलं काय एवढं, नंबरानं जाऊ. जनमभर लोकांना रांगेत उभं केलं, बायकूला कसं मदी घुसू द्यायचं? बसली ती. माझं लई ऐकायची."

मग ते उठले. वही पिशवीत टाकली. फळा उतरवून घ्यायला हात वर केला आणि पुन्हा खाली आणला. जाताना माझ्यासमोर क्षणभर थांबले. आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं.

"सारं येळेवर टाकलं, म्हनून दिस निघत व्हते, सिस्टर. तेवढं तरी ठेवायचं व्हतं."

फाटकापर्यंत मी त्यांच्या मागं गेले. काका, काका म्हणून हाका मारल्या. ते वळले नाहीत. रस्त्याच्या पलीकडे गल्लीत शेठचं दुकान बंद होतं. ते दुकानाकडे न बघता सरळ चालत गेले.

ते पुन्हा कधी आले नाहीत. मी दोनदा त्यांच्या घरी गेले. दोन्ही वेळा सून म्हणाली, झोपलेत. आतल्या खोलीतून रेडिओच्या बातम्या ऐकू येत होत्या आणि मी तिथंच उभी राहिले, पण आत जा असं ती म्हणाली नाही. पुढं माझी बदली आंबेगाव तालुक्यात झाली. तिकडं मला कळलं की ते वारले, आणि कळलं तेव्हा त्याला सहा महिने होऊन गेले होते. छातीत दुखत होतं म्हणे तीन दिवस. मुलानं दोनदा गाडी आणली. दवाखान्यात चला म्हटलं की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. कुठली वेळ, कुठली गर्दी, काहीच विचारायचे नाहीत म्हणे. याचंच मुलाला नवल वाटलं होतं.

खरं बोललं की मन हलकं होतं, असं लोक म्हणतात. ते खोटं नाही. त्या दिवशी ड्युटी संपवून मी घरी गेले. आठ वर्षं छातीवर ठेवलेलं उतरलं होतं. मी मेथीची भाजी केली, पोटभर जेवले, आणि मला गाढ झोप लागली. सकाळी बाकाची डावी बाजू रिकामी दिसेपर्यंत, त्या माणसानं ती रात्र कशी काढली असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.